डोळ्याच्या आत बसवायची लेन्स : ही शस्त्रक्रिया इथवर कशी आली?

चष्मा घालवायचा म्हणून तुम्ही लेसरसाठी जाता. तपासण्या होतात आणि डॉक्टर सांगतात, "तुमचा नंबर मायनस बारा आहे, बुबुळही पातळ आहे. लेसर नको. आपण आत लेन्स बसवू." घरी येऊन हे सांगितलं की आई घाबरून विचारते, "मोतीबिंदू झालाय का तुला? या वयात?"

तर पहिली गोष्ट, हा मोतीबिंदू नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यातलं गढूळ झालेलं नैसर्गिक भिंग काढतात आणि त्याच्या जागी कृत्रिम लेन्स बसवतात. इथे तुमचं भिंग स्वच्छ असतं, ते जागच्या जागीच राहतं. त्याच्या पुढे आणखी एक पातळ लेन्स ठेवली जाते. म्हणजे जो नंबर तुम्ही नाकावर वागवता, तोच डोळ्याच्या आत. अशा लेन्सला 'फेकिक' लेन्स म्हणतात. 'फाकोस' हा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ मसूर. आपल्या डोळ्यातलं भिंग मसुराच्या दाण्यासारखं दिसतं म्हणून ते नाव. गंमत म्हणजे 'लेन्स' या लॅटिन शब्दाचा अर्थही मसूरच.

दुसरा प्रश्न नेहमीचा : "डॉक्टर, हे नवीन आहे का? आपल्यावर प्रयोग तर नाही ना?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. कल्पना सत्तर वर्षांहून जुनी आहे. पहिल्या प्रयत्नांत ती सपशेल फसली, आणि त्यात बऱ्याच लोकांच्या डोळ्यांचं नुकसान झालं. आज ऑपरेशनच्या आधी तुमच्या ज्या सात-आठ तपासण्या होतात, त्यांतली जवळजवळ प्रत्येक तपासणी कुणाच्या तरी बिघडलेल्या डोळ्यावरून शिकलेली आहे. म्हणून हा इतिहास तुम्हाला माहीत असावा असं मला वाटतं.

आधी भिंगच काढून पाहिलं

मायनस नंबर म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो. डोळा लांबट असतो, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर (ज्याला आपण डोळ्याचा मागचा पडदा म्हणतो) न पडता त्याच्या थोडी अलीकडे पडते. डोळ्याची ताकद गरजेपेक्षा जास्त झाली असंही म्हणता येईल. मग कुणाच्याही डोक्यात येईल असा उपाय : डोळ्यातलं भिंगच काढून टाकलं तर?

१८९० च्या सुमारास ऑस्ट्रियातले डॉक्टर व्हिन्सेन्झ फुकाला यांनी नेमकं हेच केलं. खूप मोठा मायनस नंबर असलेल्या तरुणांचं अगदी स्वच्छ भिंग ते काढून टाकत. ज्यांना जाड काचेशिवाय चार हातांवरचा माणूस ओळखू येत नव्हता, त्यांना चष्म्याशिवाय रस्ता दिसू लागला. युरोपात या ऑपरेशनची हवा झाली. पण काही वर्षांनी त्याच रुग्णांपैकी अनेकांचं दृष्टिपटल सुटायला लागलं. लांबट डोळ्याचं दृष्टिपटल आधीच ताणलेलं, पातळ असतं. त्यात भिंग काढल्याने आतला तोल बिघडतो. सुटलेलं दृष्टिपटल परत चिकटवण्याची कला तेव्हा नव्हती, म्हणजे तो डोळा गेलाच. शिवाय भिंग गेलं की जवळचं-लांबचं बघताना आपोआप फोकस बदलण्याची ताकदही जाते. पंचविशीतल्या माणसाचे डोळे साठीतल्यासारखे होतात. हे ऑपरेशन हळूहळू मागे पडलं.

यातला घटनाक्रम लक्षात ठेवा : आधी उत्तम निकाल, मग वाहवा, आणि काही वर्षांनी नुकसान. पुढे तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

विमानाच्या काचेची लेन्स

डोळ्यात परकी वस्तू ठेवता येते ही कल्पनाच विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरांना वेडगळ वाटत होती. डोळ्यात कण गेला तर तो काढायचा, हे आमच्या शास्त्राचं पहिलं सूत्र. ते मोडलं लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधले सर्जन हॅरॉल्ड रिडली यांनी.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या ऑगस्टमध्ये, गॉर्डन क्लीव्हर या ब्रिटिश वैमानिकाच्या लढाऊ विमानाचं काचेसारखं छत फुटलं आणि त्याचे तुकडे त्याच्या डोळ्यांत घुसले. (ते विमान स्पिटफायर होतं असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. प्रत्यक्षात ते हरिकेन होतं.) ते छत साध्या काचेचं नव्हतं. ते पर्स्पेक्स नावाच्या ॲक्रिलिक प्लॅस्टिकचं होतं. रिडलींच्या लक्षात आलं की हे तुकडे डोळ्यात राहूनही डोळा लाल होत नाही, सुजत नाही. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्यांना विचारलं, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का नाही बसवत? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी रिडलींनी डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली.

त्या पहिल्या रुग्ण बाईंना ऑपरेशननंतर चष्म्याचा नंबर किती लागला असेल? मायनस १८ च्या घरात! लेन्सची ताकद ठरवताना गणित चुकलं होतं. पण लेन्स आत टिकली, आणि जे सिद्ध करायचं होतं ते सिद्ध झालं. इंग्लंडमधल्या बड्या नेत्रतज्ज्ञांनी रिडलींना वर्षानुवर्षं झिडकारलं. 'सर' ही पदवी त्यांना २००० साली मिळाली, तेव्हा ते नव्वदी ओलांडून गेले होते.

मोतीबिंदूची लेन्स हा वेगळा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही. आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचं आहे : योग्य पदार्थ निवडला तर डोळा त्याला आत राहू देतो.

रोम आणि बार्सिलोना

रिडलींच्या लेन्सची बातमी इटलीत पोहोचली. रोममधले सर्जन बेनेडेट्टो स्ट्राम्पेली हे धाडसी गृहस्थ. पुढच्या दशकात त्यांनी रुग्णाच्याच दाताच्या आधाराने कृत्रिम बुबुळ बसवण्याची पद्धत काढली, आणि ती आजही निवडक रुग्णांत वापरली जाते! तर या स्ट्राम्पेलींनी १९५३ साली विचार केला, की मोठ्या मायनस नंबरवाल्यांचं भिंग काढायची गरजच काय? भिंग राहू द्या, त्याच्या पुढे खोलगट लेन्स ठेवा. चष्मा निव्वळ आत सरकवायचा.

कल्पना अगदी बरोबर होती. आज आपण तेच करतो. प्रश्न होता तो जागेचा.

तुमच्या डोळ्याची पुढची पारदर्शक काच म्हणजे बुबुळ, डॉक्टरी भाषेत कॉर्निया. त्याच्या मागे पाण्यासारख्या द्रवाने भरलेली एक छोटी खोली असते. तिची मधली खोली साधारण तीन मिलिमीटर. आत मावणारा द्रव पाव मिलिलिटर, म्हणजे चार-पाच थेंब. या खोलीची मागची भिंत म्हणजे आयरिस, डोळ्यातली ती काळी-तपकिरी चकती. आयरिसच्या मधलं भोक म्हणजे बाहुली, आणि त्याच्या लगेच मागे नैसर्गिक भिंग. स्ट्राम्पेलींनी कडक प्लॅस्टिकची लेन्स या पुढच्या खोलीत आडवी अडकवली. तिचे पाय खोलीच्या कोपऱ्यात, जिथे बुबुळ आणि आयरिस एकमेकांना भेटतात तिथे टेकत होते. आपण आतला द्रव डोळ्याबाहेर जाण्याची मोरी म्हणतो ना, ती नेमकी याच कोपऱ्यात असते.

बार्सिलोनाच्या होआकिन बाराकेर यांनी हे तंत्र उचललं. बाराकेर हे स्पेनमधलं नेत्रतज्ज्ञांचं नामांकित घराणं. १९५४ पासून पाच-सहा वर्षांत होआकिननी अशा २३९ लेन्स बसवल्या. रुग्ण खूश होते, चष्मा गेला होता. पण मग बुबुळं फुगून पांढुरकी होऊ लागली. कुणाच्या डोळ्याचा दाब वाढला, कुणाचा डोळा सतत लाल आणि दुखरा राहू लागला, कुणाची बाहुली लंबगोल झाली. अखेर ६० टक्क्यांहून जास्त लेन्स पुन्हा काढाव्या लागल्या. बाराकेर यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो इथे : हे आकडे त्यांनी लपवले नाहीत, स्वतः मांडले. त्यानंतर जगभरात बहुतेकांनी हा नाद सोडला.

याच घराण्याची दुसरी गोष्ट तुमच्याशी संबंधित आहे. होआकिनचे थोरले भाऊ होसे इग्नासियो कोलंबियातल्या बोगोटा शहरात गेले. डोळ्याच्या आत न शिरता बुबुळाचाच आकार बदलून नंबर घालवायचा, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. बुबुळाची पातळ चकती कापून, तिला नवा आकार देऊन परत बसवायची. आजचं लेसिक त्याच कल्पनेचं पुढचं रूप आहे. एक भाऊ आत लेन्स ठेवत होता, दुसरा बुबुळ घडवत होता. तुमच्या तपासण्या पाहून डॉक्टर "लेसर करू" किंवा "लेन्स बसवू" असं म्हणतात, तेव्हा या दोन भावांच्या दोन वाटांपैकी एक निवडत असतात.

एका थराची किंमत

बाराकेर यांचे रुग्ण का बिघडले हे त्या वेळी नीट कळलं नव्हतं. उत्तर होतं बुबुळाच्या आतल्या बाजूच्या पेशींच्या एका थरात. 'एंडोथेलियम' हे त्याचं नाव. थर कसला, फरशीसारख्या षटकोनी पेशींची एकच रांग. जाडी इतकी कमी की साध्या तपासणीत ती दिसतही नाही. पण बुबुळ पारदर्शक राहतं ते या पेशींमुळे. डोळ्यातला द्रव सतत बुबुळात झिरपत असतो आणि या पेशी रात्रंदिवस पंपासारखा तो बाहेर उपसत असतात. विहिरीवरचा पंप बंद पडला की पाणी चढतं, तसं या पेशी कमी झाल्या की बुबुळात पाणी भरतं, ते फुगतं, धुरकट होतं.

तरुण माणसात या पेशी एका चौरस मिलिमीटरमध्ये अडीच ते तीन हजार असतात. वयानुसार त्या दरवर्षी अर्धा टक्का किंवा त्याहून थोड्या जास्त कमी होत जातात. आणि मोठ्या माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत, हे सगळ्यात महत्त्वाचं. एक मेली की शेजारच्या पसरून जागा भरतात. संख्या पाचशेच्या आसपास किंवा त्याखाली आली की पंप हरतो. मग बुबुळाचं रोपण करावं लागतं.

म्हणजे लेन्सची कड या थराला घासत राहिली, किंवा डोळा चोळताना क्षणभर जरी टेकत राहिली, तरी रोज थोड्या पेशी मरतात. रुग्णाला काहीच कळत नाही. दिसतं उत्तम. दहा वर्षांनी मात्र एका सकाळी उठल्यावर धुकं दिसतं.

हा धडा जपानने आणखी कडवटपणे शिकला. तिथले प्राध्यापक त्सुतोमु सातो यांनी मायनस नंबर घालवण्यासाठी बुबुळाला आतून-बाहेरून चिरा देण्याचं ऑपरेशन काढलं. १९४० आणि १९५० च्या दशकांत सहाशेहून अधिक डोळ्यांवर ते झालं. आतून चिरा देताना आपण एंडोथेलियम कापतो आहोत, आणि त्याचा अर्थ काय होतो, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. सुमारे वीस वर्षांनी त्यांतली बहुसंख्य बुबुळं फुगून निकामी झाली. विशीत चष्मा घालवलेली माणसं चाळिशीत आंधळी होऊ लागली. सातो तोवर हयात नव्हते.

१९६८ साली डेव्हिड मॉरिस यांनी स्पेक्युलर मायक्रोस्कोप तयार केला आणि पुढच्या दशकात जिवंत माणसाच्या डोळ्यातल्या या पेशी मोजता येऊ लागल्या. आज तुम्ही हनुवटी टेकवून एका यंत्रात बघता, खटकन फोटो निघतो आणि कागदावर '२६८०' असा काही आकडा छापून येतो. तो हाच. बाराकेर यांच्याजवळ हे यंत्र असतं तर २३९ पर्यंत ते पोहोचलेच नसते, असं मला नेहमी वाटतं.

तीन ठिकाणं

१९८० च्या दशकात लोक पुन्हा या कामाला लागले. आता प्रश्न स्पष्ट होता : लेन्स ठेवायची कुठे? आणि तीन उत्तरं जवळजवळ एकाच वेळी पुढे आली.

पहिलं उत्तर जुनंच होतं, कोपऱ्यात टेकवा, पण लेन्स सुधारा. मार्सेयचे जॉर्ज बायकॉफ यांनी अशा लेन्स बसवायला सुरुवात केली. लेन्स पातळ केली, तिचा फुगवटा कमी केला, पाय मऊ केले. तरी पेशी कमी होत राहिल्या, बाहुल्या लंबगोल होत राहिल्या. पुढे आल्कॉन कंपनीने याच जागेसाठी मऊ, घडी होणारी 'कॅशे' लेन्स आणली. तीही पेशी कमी होण्याच्या कारणाने काही वर्षांत बाजारातून गेली. इतक्या पिढ्यांनी प्रयत्न करूनही ही जागा साधली नाही, ती मुळात चुकीचीच होती असं आता म्हणायला हरकत नाही.

दुसरं उत्तर हॉलंडच्या यान वोर्स्ट यांचं. त्यांनी लेन्सच्या दोन्ही बाजूंना खेकड्याच्या नांगीसारखी फट ठेवली आणि त्या फटीत आयरिसची बारीक चुणी पकडली. बाहुली लहान-मोठी होते तेव्हा आयरिसचा कडेजवळचा मधला पट्टा फारसा हलत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. ही लेन्स आधी मोतीबिंदूच्या रुग्णांसाठी होती. आपल्याकडे अमृतसरच्या डॉ. दलजित सिंग यांनी ती मोठ्या प्रमाणावर वापरली. १९८६ मध्ये जर्मनीचे पॉल फेशनर आणि वोर्स्ट यांनी ती मायनस नंबरसाठी, भिंग शाबूत असलेल्या डोळ्यात बसवली. सुरुवातीच्या लेन्सच्या जाड कडा बुबुळाच्या जवळ जात होत्या, म्हणून १९९१ मध्ये तिचा आकार बदलला. २००४ साली अमेरिकेच्या एफडीएने तिला मान्यता दिली. ही लेन्स चांगली आहे, पण बसवायला हात फार तयार लागतो, आणि पेशींवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं.

तिसरं उत्तर मॉस्कोहून आलं. स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह हा माणूस नेत्रशास्त्रातलं एक वादळच होतं. फिरत्या पट्ट्यावर रुग्ण झोपवून एकामागून एक सर्जननी ऑपरेशनचा एकेक टप्पा करायचा, ही त्यांची योजना जगभर गाजली. १९९६ मध्ये ते रशियाच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही लढले. २००० साली हेलिकॉप्टर अपघातात गेले. १९८६ च्या सुमारास त्यांनी सिलिकॉनची एक छोटी लेन्स केली, शर्टाच्या गुंडीसारखी. तिचा मागचा भाग आयरिसच्या मागे आणि डोकं बाहुलीतून पुढे. ती सरकायची, डोळ्याला सूज यायची, मोतीबिंदू व्हायचा. पण आयरिसच्या मागे, नैसर्गिक भिंगाच्या पुढे, एक अरुंद फट आहे आणि तिथे लेन्स राहू शकते, हे त्यांनी दाखवलं. तिथे ती बुबुळापासून सर्वात दूर असते. एंडोथेलियमचा निम्मा प्रश्न जागा बदलल्यानेच सुटला.

फट, आणि फटीतलं भोक

आज तुम्हाला 'आयसीएल' म्हणून जी लेन्स सुचवतात ती या तिसऱ्या वाटेची. १९९३ मध्ये ती पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवली गेली. स्टार सर्जिकल या अमेरिकन कंपनीने तिच्यासाठी 'कोलामर' नावाचा पदार्थ तयार केला. पाणी धरून ठेवणारं मऊ प्लॅस्टिक आणि त्यात किंचित कोलॅजन. लेन्स गुंडाळून तीन मिलिमीटरच्या छेदातून आत जाते आणि तिथे उलगडते. हे कोलॅजन डुकरापासून मिळवून शुद्ध केलेलं असतं. प्रमाण अगदी नगण्य असतं, पण आपल्याकडे काहींना धर्मामुळे किंवा आहाराच्या नियमामुळे हे आधी माहीत असावंसं वाटतं. तुम्ही त्यांतले असाल तर मोकळेपणाने विचारा. गुजरातमध्ये तयार होणाऱ्या ॲक्रिलिकच्या फेकिक लेन्सचा पर्याय आता उपलब्ध आहे.

आयसीएलचं पूर्वीचं नाव 'इम्प्लांटेबल कॉन्टॅक्ट लेन्स' असं होतं. ते नाव मला कधीच आवडलं नाही, कारण ही लेन्स कशालाही 'कॉन्टॅक्ट' करायला नको हेच तर यातलं मर्म आहे. तिने नैसर्गिक भिंगावरून कमानीसारखं जावं लागतं. या कमानीला 'व्हॉल्ट' म्हणतात. साधारण पाव ते पाऊण मिलिमीटर अंतर हवं. अंतर फार कमी झालं तर लेन्स भिंगाला टेकते आणि मोतीबिंदू होतो. पहिल्या आवृत्त्यांत हे बऱ्याच जणांना झालं, म्हणून कमान वाढवण्यात आली. फार जास्त झालं तर आयरिस पुढे ढकलली जाते, मोरीचा कोपरा बंद व्हायला लागतो आणि डोळ्याचा दाब वाढतो. म्हणजे शर्टासारखं 'एक साईज मोठी घेऊ' इथे चालत नाही. पूर्वी बुबुळाची बाहेरून रुंदी मोजून लेन्सचा आकार ठरवत. पण लेन्स टेकते ती आयरिसच्या मागच्या खाचेत, आणि बाहेरच्या रुंदीवरून आतली खाच अचूक कळतेच असं नाही. म्हणून आता स्कॅन किंवा सूक्ष्म सोनोग्राफी करून आतलं मोजमाप घेतलं जातं. त्यासाठी तुम्हाला दोनदा बोलावलं, एकच माप तीन-तीनदा घेतलं, तर वैतागू नका.

आणखी एक अडचण होती. डोळ्यातला द्रव आयरिसच्या मागे तयार होतो आणि बाहुलीतून पुढे येतो. तिथेच लेन्स ठेवली की दारात कपाट ठेवल्यासारखं होतं. द्रव मागे तुंबतो आणि दाब एकदम चढतो. म्हणून ऑपरेशनच्या आठ-पंधरा दिवस आधी लेसरने आयरिसला एक-दोन बारीक छिद्रं पाडून ठेवावी लागत. २००५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती याच पद्धतीला.

जपानच्या कितासातो विद्यापीठातले किमिया शिमिझु यांनी वेगळा विचार केला. आयरिसला कशाला, लेन्सलाच भोक पाडा. आणि तेही बरोबर मध्यभागी, जिथून आपण बघतो! ऐकायला विचित्र वाटतं. चष्म्याच्या काचेच्या मधोमध भोक पाडण्यासारखंच ते. पण भोक ०.३६ मिलिमीटरचं, आणि ते डोळ्याच्या इतकं आत असतं की त्याची वेगळी प्रतिमा दृष्टिपटलावर पडत नाही. रात्री दिव्याभोवती सुरुवातीला वलय दिसतं, बहुतेकांना काही महिन्यांत त्याची सवय होते. आधी डुकराच्या डोळ्यांवर तपासून मग ही लेन्स माणसांत आली. २०११ मध्ये युरोपात मान्यता मिळाली, अमेरिकेत त्यासाठी २०२२ उजाडलं. या भोकामुळे द्रव थेट भिंगावरून पुढे वाहतो. दाबाचा प्रश्न बराच सुटला आणि मोतीबिंदूही कमी झाला. सत्तर वर्षांच्या या खटाटोपात सगळ्यात हुशार सुधारणा कोणती म्हणाल, तर मी या भोकाला मत देईन.

प्लस नंबरवाल्यांचं काय?

हा सगळा इतिहास मायनस नंबरवाल्यांचा झाला, आणि त्याला कारण आहे. मायनस नंबरचा डोळा लांब असतो, त्याची पुढची खोली ऐसपैस असते. प्लस नंबरचा डोळा आखूड असतो. तिथे आधीच दाटी, कोपरा अरुंद, आणि त्यात लेन्स मधोमध जाड. मध्यभागी जाडी असल्याने ते भोकही तिथे ठेवता येत नाही, म्हणून जुन्यासारखी आयरिसला छिद्रं पाडावी लागतात. प्लस नंबरसाठी आयसीएल युरोपात आणि भारतात मिळते. अमेरिकेत तिला मान्यता फक्त मायनस नंबरसाठी आहे. तुमचा नंबर प्लस असेल आणि खोलीची खोली सुमारे तीन मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर डॉक्टर "नको" म्हणतील. अशा वेळी "हो" म्हणणारा दुसरा डॉक्टर शोधत फिरू नका.

"नाही आवडली तर काढता येते"

हे वाक्य तुम्हाला जाहिरातीत दिसेल. ते खरं आहे, पण अर्धं. लेन्स काढता येते. गेलेल्या पेशी परत येत नाहीत आणि झालेला मोतीबिंदू उलटत नाही. बाराकेर यांच्या लेन्सही काढता येत होत्याच.

म्हणून ऑपरेशन ठरवण्याआधी तीन आकडे स्वतः विचारून लिहून घ्या : पेशींची संख्या, पुढच्या खोलीचं माप, आणि नंबर किमान वर्षभर स्थिर आहे का. ऑपरेशननंतर व्हॉल्ट किती आला तेही विचारा. त्याच संध्याकाळी किंवा रात्री डोळा जबरदस्त दुखू लागला, उलटी झाली, दिसणं धुरकट झालं, तर गोळी घेऊन झोपू नका. दाब वाढलेला असू शकतो, तेव्हाच्या तेव्हा दवाखाना गाठा. नंतर दरवर्षी पेशी मोजून घ्या, सगळं उत्तम दिसत असलं तरी. सातोंच्या रुग्णांनाही वर्षानुवर्षं उत्तमच दिसत होतं.

मायनस नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तेवढीच राहते, हेही ध्यानात असू द्या. फुकालांच्या काळी सुटत होतं ते दृष्टिपटल तुमच्याही डोळ्यात ताणलेलंच आहे. डोळ्यासमोर अचानक ठिणग्या चमकल्या, काळे ठिपके वाढले, कडेने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर लेन्स बसवली असो वा नसो, थांबू नका. बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी.

चाळिशीनंतर जवळचं वाचायला चष्मा लागेल, तो इतरांना लागतो तसाच. पुढे साठी-सत्तरीत मोतीबिंदू झाला तर ही लेन्स काढून नेहमीचं ऑपरेशन करता येतं. त्या वेळच्या डॉक्टरांना मात्र डोळ्यात कोणती लेन्स आहे हे कळायला हवं. ऑपरेशनच्या दिवशी एक छोटं कार्ड मिळतं, त्यावर लेन्सचा प्रकार, ताकद आणि क्रमांक असतो. ते आधार कार्डाच्या पाकिटात ठेवा, आणि त्याचा फोटो काढून घरातल्या कुणाला तरी पाठवून ठेवा.